जुन्या राउटरला नवं फर्मवेअर

घरातला वाय-फाय राउटर धडधाकट असतो, पण कंपनी त्याला सुरक्षेचे अपडेट देणं थांबवते. उजनी धरणाकाठच्या कंदर, केत्तूर, वांगी अशा गावांत कुणाकडे असा राउटर असेल, तर त्याचं फर्मवेअर, म्हणजे आतली मूळ प्रणाली, बदलण्याचा पर्याय आहे.

लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी-५४जी राउटरचा लिनक्सवर आधारलेला सोर्स कोड २००३ मध्ये खुला झाला. त्याच पायावर २००४ मध्ये मोफत ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हे फर्मवेअर सुरू झालं.

त्याची फाइल निवडताना आधी राउटर उलटा करून मॉडेलसोबत छापलेलं हार्डवेअर व्हर्जन वाचावं. नाव एकच असलं तरी व्ही-१ आणि व्ही-२ची फाइल वेगळी असू शकते. राउटरमध्ये किमान ८ एमबी फ्लॅश (साठवणीची जागा) आणि ६४ एमबी रॅम हवी; १६ आणि १२८ असेल तर उत्तम.

फाइल ‘स्टेबल’ आवृत्तीचीच घ्यावी. ‘स्नॅपशॉट’ ही चाचणीची आवृत्ती. तिच्यात ब्राउझरमधून सेटिंग करण्याची सोय बहुधा नसते.

फाइल चढताना वीज गेली, तर राउटर बंद पडू शकतो. म्हणून राउटर आणि संगणक इन्व्हर्टरवर ठेवावेत, जोडणी केबलने करावी. इंटरनेट कंपनीने बसवलेल्या फायबरच्या डब्याला मात्र हात लावू नये.