एकसष्टाचें उत्तर

परभणीहून मनमाडकडे निघालेल्या गाडीला पेडगांव हें लहानसें स्थानक लागतें. त्यापुढें मानवत, आणि आणखी पुढें गोदावरीच्या बाजूस पाथरी. या पाथरीलाच अभ्यासक जुनें पार्थपूर मानतात. तेथील ज्योतिषी ज्ञानराज यांचे पुत्र सूर्यदास यांनीं इ. स. १५३८ मध्यें भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर ‘सूर्यप्रकाश’ नांवाची टीका लिहिली. मूळ ग्रंथ त्याहून जवळजवळ चारशें वर्षांनीं जुना. त्यांत एक प्रश्न आहे: असा कोणता वर्ग, कीं ज्यास ६१ नें गुणून १ मिळविला असतां पुन्हां पूर्ण वर्गच यावा?

प्रश्न दिसतो साधा. श्रोत्यांनीं कागद-पेन्सिल घेऊन शेजारचे अंक आधीं पाहावे. ६० ला ४ चा वर्ग पुरतो. ६० गुणिले १६ अधिक १ म्हणजे ९६१, हा ३१ चा वर्ग. ६२ ला ८ चा वर्ग पुरतो. उत्तर ६३ चा वर्ग. मधल्या ६१ ला मात्र लहानांत लहान संख्या लागते ती २२,६१,५३,९८०. आणि येणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा!

एकेक अंक ताडून पाहणारा गणिती मिनिटास एक या वेगानें, अहोरात्र बसला, तरी त्याला सुमारें ४३० वर्षें लागतील. भास्कराचार्यांच्या काळीं, सन ११५० च्या सुमारास, त्यानें आरंभ केला असता तर सूर्यदासांची टीका पुरी झाली तेव्हांही तो मोजीतच असता. मधेंच कंटाळून ‘असा वर्ग नाहींच’ असें त्यानें म्हटलें असतें, तर त्याला दोष कोणी द्यावा?

भास्कराचार्यांनीं मोजलें नाहीं. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ हून ३ अधिक; येथून चक्रवाल रीतीचा एकच फेरा घेतला कीं ३९ आणि ५ हे अंक हातीं येतात. ३९ चा वर्ग १५२१, आणि ६१ गुणिले २५ म्हणजे १५२५. अंतर अवघें ४. पुढें सातव्या शतकांतील ब्रह्मगुप्तांची ‘भावना’, म्हणजे दोन उत्तरांच्या मिलाफानें तिसरें उत्पन्न करण्याची युक्ति. तिनें प्रथम २९,७१८ व ३,८०५ हे अंक मिळतात, आणि येथें १ कमी पडतो. हेच अंक स्वतःशीं पुन्हां मिळविले कीं उणा एक अधिक होतो.

ही मोठी संख्या आपलें कूळ लपवीत नाहीं. तिच्यांतून १ वजा केला तर बाकी २९,७१८ च्या वर्गाची बरोबर दुप्पट. १ मिळविला तर बेरीज ३,८०५ च्या वर्गाच्या १२२ पट. तिला २२,६१,५३,९८० नें भागिलें असतां ६१ चें वर्गमूळ इतकें जवळ येतें कीं चूक अठराव्या दशांशस्थळीं दिसते.

सन १६५७ मध्यें फ्रान्सांत फर्मा यानें हाच ६१ चा प्रश्न आव्हान म्हणून पुढें केला. भारतांतील उत्तराची त्यास वार्ता नव्हती. इंग्लंडांत ब्रौंकर यानें अशा प्रश्नांची रीत काढली. वर्ग नसलेल्या प्रत्येक पूर्णांकास असें उत्तर असतेंच, याची सिद्धता लाग्रांज यानें अठराव्या शतकांत दिली. पार्थपूरची टीका तोंवर दोन शतकें जुनी झाली होती.