मेलेल्या स्प्रूसवरचा लाल पट्टा

युरोपातल्या स्प्रूसच्या जुन्या जंगलात वठलेल्या खोडांवर घोड्याच्या खुरासारखी एक टणक बुरशी वाढते. फोमिटॉप्सिस पिनिकोला हे तिचं नाव. पाठ काळसर करडी, पुढे केशरी-लाल पट्टा, आणि वाढत्या काठाला पांढरट किनार. जर्मनी-स्वीडनमध्ये राहणाऱ्या आपल्या मराठी श्रोत्यांनी ती फिरायला जाताना नक्की पाहिली असेल.

मात्र नुसत्या लाल पट्ट्यावर विसंबू नका. कोवळ्या बुरशीवर तो पुरता उमटलेला नसतो आणि जुनी बुरशी कधीकधी सगळीच काळवंडते. म्हणून खालची बाजू पाहा. तिथे पडदे नसतात, असतात ती नळ्यांची गोल, बारीक छिद्रं. भिंग लावलं तरच नीट मोजता येतील इतकी बारीक. ही बुरशी वर्षानुवर्षं जगते आणि जुन्या नळ्यांखाली नव्या नळ्यांचा थर धरत जाते. जोमात वाढत असताना तिच्या काठावर पाण्याचे स्वच्छ थेंब साचतात. ते बघायला मिळाले तर जरूर थांबून बघा, फार सुंदर दिसतात.

बुरशी हाताळणाऱ्यांची आणखी एक जुनी खूण आहे. पाठीच्या कवचाचा छोटा तुकडा घरी आणून त्याला पेटती काडी लावली, की राळेसारखा थर वितळून फसफसतो. तशाच खुराच्या आकाराच्या फोमेस फोमेंटेरियसचं कवच असं वितळत नाही. जंगलात मात्र काडी ओढू नका.

माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा बुरशीत नसून लाकडात असतो. पिनिकोला लाकडातलं सेल्युलोज खाते आणि लिग्निन बव्हंशी मागे ठेवते. त्यामुळे लाकूड तपकिरी होतं, उभं-आडवं तडकतं, त्याचे चौकोनी ठोकळे पडतात आणि ते चिमटीत भुगा होतात. फोमेस फोमेंटेरियस लिग्निनही खाते; तिचं लाकूड फिकट पांढरं पडतं. झाड कोणतं, हेही लिहून ठेवा, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका; पिनिकोला कधीकधी बर्चवरही येते.

आणि जागा लिहा. उत्तर अमेरिकेतल्या अशा बुरशीलाही फार काळ पिनिकोलाच म्हणत. 1938 मध्ये आयरीन मौन्स आणि रूथ मॅक्रे या कॅनडातल्या संशोधिकांनी वेगवेगळ्या नमुन्यांचे धागे प्रयोगशाळेत एकत्र वाढवले, तेव्हा तिथल्याच दोन गटांचं एकमेकांशी मीलन होईना. डोळ्यांना मात्र दोन्ही सारखेच दिसत. पुढे डीएनए तपासल्यावर हा भेद पक्का झाला, आणि 2019 मध्ये अमेरिकेतल्या दोन जातींना नवी नावं मिळाली: फोमिटॉप्सिस मौन्सी आणि फोमिटॉप्सिस श्रेंकी. त्यातलं पहिलं त्याच आयरीन मौन्स यांच्या सन्मानार्थ.