वह्या नकोत, शिक्षिका द्या
(देवनार येथील मेळाव्यातील भाषण)



देवनारशेजारीच, मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तेथील प्रा. व्ही. जी. कुलकर्णी व डॉ. सुधाकर आगरकर यांनी १९८०च्या दशकात महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांना शिकवून पाहिले. मुलांत बुद्धी होती. पुस्तकाची भाषा आड येत होती. संशोधनावर पैसा खर्च झाला, म्हणून हे कळले.

आपल्या वसतिगृहातही तेच. घरी वारली बोलणारी मुलगी ‘लघुत्तम सामाईक विभाज्य’ वाचून पेन्सिल खाली ठेवते. मी तिच्या बोलीत विचारते: एक बस दर ६ मिनिटांनी सुटते, दुसरी दर ८, आता दोन्ही सुटल्या, पुन्हा एकत्र कधी? ‘२४ मिनिटांनी,’ ती लगेच सांगते.

पण मुले ४० आणि मी एकटी. यंदाच्या दानातून आणखी एका शिक्षिकेचे मानधन द्या. गेल्या वर्षीच्या वह्या अजून कपाटात आहेत.