एका सुरात बसण्याची विद्या
(जीर्णोद्धार समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी तालुका कचेरीतील एक साधा लिपिक. शिक्षण एस. एस. सी. पर्यंतचे. जन्म गेला आवक-जावक नोंदवहीत. तेव्हा विद्यापीठातील शिक्षणावर मी बोलावे हे थोडे धाडसाचेच आहे. परंतु या मंदिराच्या भजनात पंधरा वर्षे बसल्यामुळे व मुलीमुळे जे उमगले, तेवढेच सांगतो.

आपली वाडी कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची. येथे पालखीपुढे पदे ऐकतच मूल मोठे होते. त्यामुळे माझी मुलगी बारावी झाल्यावर गाणे शिकायचे म्हणाली, तेव्हा मी म्हणालो, "दहाजणांत बसून गायला का कुठे शिकावं लागतं? आणि गाण्यानं पोट भरतं का?" तिला एक वर्ष मी वाणिज्य शाखेत बसवले. ते वर्ष फुकट गेले, हा दोष माझा. पुढे ती कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या संगीत व नाट्यशास्त्र विभागात शिकावयास गेली.

खरे म्हणजे मला हे आधीच कळावयास हवे होते. गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुसकर १८७२ साली जन्मले ते आपल्या शेजारच्या कुरुंदवाडास. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ ते शिकले आणि १९०१ साली लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. गुरूच्या घरी राबून मिळणारी विद्या त्यांनी वर्गात, फळ्यावर आणि स्वरलिपीत आणली. गाणे शाळेत शिकता येते हे ज्याने देशाला दाखविले तो माणूस नदीपलीकडचा, आणि मी मात्र मुलीला विचारीत होतो, शिकावे लागते का म्हणून!

सुटीत मुलगी आली आणि एका गुरुवारी भजनाला बसली. माझा आवाज तुम्हां सर्वांना ठाऊक आहे, घाटापर्यंत जातो. भजन संपल्यावर ती हळूच म्हणाली, "आण्णा, तुमचा आवाज मोठा आहे, पण शेजारच्या आजोबांचं तुम्हांला काही ऐकू येतं का?" मला राग आला. दोन दिवस मी तिच्याशी नीट बोललो नाही.

मग तिने समजावून सांगितले. समूहात गाताना पहिला नियम असा, की शेजाऱ्याचा आवाज ऐकू येईनासा झाला की आपण आवाज कमी करावयाचा. दुसरे, सर्वांनी एकाच ठिकाणी श्वास घ्यावयाचा नाही. एकाने घेतला तर दुसऱ्याने ओळ धरून ठेवावयाची, म्हणजे ओळ तुटत नाही. तिसरे, शब्दाचे शेवटचे अक्षर सर्वांचे एकदम पडले पाहिजे. स्त्री-पुरुष मिळून गाणार असतील तर दोघांनाही झेपेल असा षड्ज आधी ठरवावयाचा, नाहीतर एक बाजू किंचाळते व दुसरी पुटपुटते. विद्यापीठांच्या युवक महोत्सवात समूहगीताला गाणारे फार तर सहा व साथीदार तीन. सहांतला एक जरी पुढे धावला तरी लगेच कळते. आपली रीत सर्वांनी एकच चाल गाण्याची. पण आपल्या शेजारी गोव्यात मांडो गाताना दोन आवाज एकाच वेळी दोन वेगळ्या स्वरांवरून चालतात आणि तरीही भांडत नाहीत. तेथे तर कान फारच जागा ठेवावा लागतो.

पुढच्या गुरुवारी मी आवाज निम्मा केला आणि पंधरा वर्षांत प्रथमच शेजारच्या आजोबांचे गाणे ऐकले. मंडळी, ते निराळ्याच चालीने गात होते! जुनी, त्यांच्या वडिलांकडून आलेली चाल. आम्ही सारे मोठमोठ्याने म्हणत होतो ती घासून सपाट झालेली. त्यांनी कधी तक्रार केली नाही, आणि मी कधी ऐकले नाही.

मुलीने त्यांच्यापाशी बसून अकरा पदांच्या चाली स्वरलिपीत उतरवून घेतल्या. बाकीच्या दिवाळीच्या सुटीत घ्यावयाच्या ठरल्या होत्या. त्याआधीच आजोबांना देवाज्ञा झाली. अकरा राहिल्या, बाकीच्या माझ्या आवाजाखाली गेल्या, असे मी समजतो.

२००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत वाडीत काय काय पाण्याखाली गेले ते आपण पाहिले आहे. कचेरीत पंचनामे होतात; भिंती, धान्य, जनावरे यांची नोंद होते. हरवलेल्या चालीचा पंचनामा कोठे होत नाही.

आता माझी विनंती. जुन्या सभामंडपाला लाकडी तुळया व कौले होती, आवाज त्यांत मुरत असे. नवा मंडप सिमेंटचा, खाली गुळगुळीत फरशी. येथे आवाज घुमतो आणि मोठ्याने गाईल्यास शब्द शब्दांत मिसळतात. देणगीदारांची क्षमा मागून म्हणतो, कोणी मोठा ध्वनिक्षेपक देण्याच्या विचारात असेल तर तूर्त थांबावे. त्याऐवजी एक चांगली पेटी व एक तंबोरा द्यावा. आठवड्यातून एक संध्याकाळ मुलामुलींसाठी राखावी. माझी मुलगी विनामोबदला शिकवील. ज्यांना जुन्या चाली येतात त्या वडीलधाऱ्यांनी पुढच्या रांगेत बसावे.

मी मागच्या रांगेत बसेन, आणि ऐकेन. श्री गुरुदेव दत्त.