जुनं इडलीपात्र, नवं काम

माळ्यावरचं जुनं इडलीपात्र भंगारात देऊ नका. गाडी दुरुस्त करताना ते फार उपयोगी पडतं. नट, बोल्ट, वॉशर ज्या क्रमाने निघतील, त्या क्रमाने एकेका खळग्यात ठेवा. जोडताना उलट क्रमाने उचला. काहीच हरवत नाही.

गाडीला उपयोगी पडणारी स्वयंपाकघरातली दुसरी वस्तू म्हणजे खाण्याचा सोडा. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर साचतो. तो बॅटरीतल्या गंधकाम्लामुळे. सोडा अल्कधर्मी असल्याने या आम्लाचा जोर मोडतो. इंजिन बंद करा, हातमोजे आणि चष्मा घाला. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह वायर सोडवा. कपभर पाण्यात चमचाभर सोडा कालवून जुन्या टूथब्रशने टर्मिनल घासा. फसफसून फेस येईल. तो थांबला की आम्ल संपलं. हे पाणी बॅटरीच्या आत मात्र जाऊ देऊ नका. ओल्या फडक्याने पुसा, कोरडं करा. आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह वायर घट्ट जोडा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा.

एक पथ्य कटाक्षाने पाळा. ऑईल-ग्रीस लागलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका. त्यावर रंगाने खूण करून ते गाडीच्या हत्यारांसोबतच ठेवा.