बाबा, धूर कुठे आहे?

(प्रजासत्ताकदिनी आपल्या सोसायटीच्या बालचित्रकला स्पर्धेच्या बक्षीस समारंभात केलेले भाषण)



जन्मभर बँकेत आकडे मांडलेला माणूस चित्रकलेवर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. बरोबर आहे. मी चित्रकार नाही. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा दिल्या, तेवढंच माझं शिक्षण. पण बाहेर बसून समोर दिसेल ते काढायचा नाद तेव्हा लागला, तो अजून सुटलेला नाही.

मध्ये चार-पाच वर्षं मात्र तो सुटला होता. लालबागच्या चाळीतली एक खोली, मुलगी लहान, मुलगा पाळण्यात. ‘पोरं मोठी झाली की बघू’ असं म्हणायचो. एका शनिवारी (तेव्हा शनिवारी बँक अर्धा दिवस असे) सौ. म्हणाली, “वही घ्या, पोरांना घ्या आणि जा कुठं तरी. तुमचं चित्र होईल आणि मलाही जरा पाठ टेकता येईल.”

तेव्हापासून आमची वारी सुरू झाली. कधी राणीच्या बागेजवळचा, घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती, कधी गिरगावातली खोताची वाडी, कधी दादरची चौपाटी. पिशवीत कॅमलची रंगपेटी, झाकणाच्या बाटलीत पाणी, दाण्यांची पुडी आणि मुलांसाठी पाठकोरे कागद. अनुभवानं काही गोष्टी कळल्या. पाठीशी भिंत असलेली सावलीची जागा धरावी, म्हणजे मुलं एकाच बाजूला सांभाळावी लागतात. आधी मोठे आकार काढून घ्यावेत, कारण दहाव्या मिनिटाला एकाला शू लागते आणि दुसऱ्याला तहान. माझ्या वह्यांत निम्मी चित्रं अर्धवट आहेत. त्याचं आता काही वाटत नाही.

एक प्रसंग सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या वर्षी पावसाळा संपल्यावर आम्ही तिघं भारतमाता टॉकीजजवळ फुटपाथवर बसलो होतो. समोर गिरणीची चिमणी. मी ती काढली आणि हाताच्या सवयीनं वर धूर काढला. मुलगी पाच वर्षांची. तिच्या कागदावर नुसतीच चिमणी होती. तिनं माझ्या कागदाकडे पाहिलं, मग वर आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, धूर कुठे आहे?”

मी चिडलो. “चिमणीला धूर असतोच,” म्हणालो. ती गप्प बसली.

घरी येताना मात्र ते मनातून जाईना. शेजारच्या घरातला कर्ता माणूस आठ-नऊ महिने घरी बसून होता. त्याच्या मुलांची फी थकलेली मला ठाऊक होती. तरी मी धूर काढला! माझ्या घरी एक तारखेला पगार येत होता. चिमणी बंद आहे हे मला माहीत होतं, पण मी ते पाहिलं नव्हतं. पोरीनं पाहिलं. रात्री रबरानं धूर पुसला, त्याचा डाग राहिला. तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्यानंतर मुलांचं चित्र मी कधी ‘सुधारलं’ नाही.

आपल्या रावबहादूर धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसं किती बारकाईनं रंगवली! त्यांची कन्या अंबिकाबाई वडिलांच्या हाताखाली शिकल्या आणि स्वतः नामवंत चित्रकार झाल्या. आमच्या घरी कोणी चित्रकार झालं नाही. मुलगी अकाउंट्समध्ये गेली. पण समोर नाही ते कागदावर मांडायचं नाही, हा तिचा स्वभाव तसाच आहे.

आता आजच्या स्पर्धेबद्दल. मुलांनो, रागावू नका, पण बऱ्याच चित्रांत दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि झोपडी आहे. आपल्या गच्चीवरून डोंगर दिसतो का रे? दिसतात टॉवर, क्रेन, निळी प्लास्टिकं घातलेली छपरं आणि एखादी उरलेली चिमणी. तीही किती दिवस राहील कोण जाणे.

म्हणून कमिटीला माझी एकच विनंती आहे. गच्चीला कुलूप का आहे ते मला माहीत आहे, आणि ते योग्यच आहे. पण रविवारी सकाळी दोन तास किल्ली द्या. मुलांबरोबर आई किंवा वडील कोणी तरी असेलच, शिवाय मी खुर्ची टाकून दाराशी बसेन. आणि आयांनी फक्त मुलांना सोडायला येऊ नये, स्वतःचाही कागद आणावा. सौ.चीही इंटरमिजिएट झाली होती, हे मला लग्नानंतर दहा वर्षांनी कळलं. शनिवारी ती पाठ टेकत होती, पण तिला कागद द्यायचं माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. पहिल्या रविवारी तीही येणार आहे.