चर्चगेटचं हरवलेलं संगीत



आपल्यातल्या कितीतरी जणी पहाटेच्या गाडीने भाजी नाहीतर फुलं घेऊन मुंबईला जातात. विरार लोकलचं शेवटचं स्टेशन चर्चगेट. त्या स्टेशनाबाहेर जो वीर नरिमन रोड आहे, तिथे १९५० ते ७० च्या काळात संध्याकाळ झाली की हॉटेलांमधून जॅझ संगीत ऐकू यायचं.

जॅझ म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं संगीत. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो आणि ड्रम. चाल ठरलेली असते, पण वाजवणारा त्यात जागच्या जागी सुचेल तशी भर घालतो, भजनात बुवा घालतात तशी. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा बँड अमेरिकेहून मुंबईच्या ताज हॉटेलात आला आणि इथे या संगीताची गोडी वाढली.

ते उचललं गोव्याच्या वादकांनी. गोव्यात गावोगावच्या चर्चच्या शाळांत मुलांना संगीत लिहायला-वाचायला शिकवत. ही मुलं मुंबईत येऊन धोबीतलावला गावाच्या ‘कुडात’ राहायची. कूड म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेलं स्वस्त बिऱ्हाड. रात्री हॉटेलात वाजवायचं, दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. १९५१ च्या ‘अलबेला’ची गाणी आपल्या आया-आज्यांना पाठ होती. संगीतकार आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र. त्यांच्यासोबत होते ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट. त्यांचं खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव हळदोणे. गाणं घरोघरी पोचलं, पण वाजवणाऱ्यांची नावं पडद्यावर क्वचितच आली.

पुढे लोकांची आवड बदलली, संगीत ठेवणाऱ्या हॉटेलांवर करमणूक कराचा बोजा पडला, आणि एकेक क्लब बंद झाला. चर्चगेटजवळच्या अस्टोरिया हॉटेलातला ‘व्हेनिस’ही गेला. तिथे लोर्ना कोर्देरो गायच्या, संगीतकार ख्रिस पेरी यांच्या बँडबरोबर. त्यांची कोंकणी गाणी लोकांच्या तोंडी होती. तरी वीसेक वर्षं त्या मंचावर दिसल्या नाहीत. १९९५ मध्ये परत आल्या, तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं.

मैत्रिणींनो, क्लब बंद झाला की इमारत तरी उरते. वाजवणारा, गाणारी गेली की मागे काय उरतं? कोणी लिहून ठेवलं असेल तेवढंच. आपल्याकडे लग्नाच्या बँडमध्ये आयुष्यभर ट्रम्पेट वाजवलेले काका आहेत. वारली लग्न लावणारी धवलेरी आहे, हळदीची गाणी सांगणाऱ्या आज्या आहेत. त्यांची गाणी आपण ऐकतो, पण त्यांची नावं कुठल्या कागदावर आहेत?

म्हणून एक करा. गटाच्या पुढच्या बैठकीत हिशेब झाला की वहीचं एक पान यासाठी ठेवा. गाणारीचं नाव, गाव, कोणाकडून शिकली आणि कोणती गाणी येतात, एवढं लिहा. तिची परवानगी घेऊन एक गाणं मोबाइलवर भरून ठेवा. पावसाळ्याच्या आत एका आजीपासून सुरुवात करा.

येते. नमस्कार.